तेवीस मे : खिडकीतून फेकलेली माणसं

इंग्रजी भाषेत ‘डीफेनेस्ट्रेशन’ असा एक शब्द आहे. माणसाला खिडकीतून बाहेर फेकून देणं, एवढ्या एकाच कृत्यासाठी तो घडवला गेला. लॅटिनमध्ये ‘फेनेस्त्रा’ म्हणजे खिडकी आणि ‘डे’ म्हणजे तिथून बाहेर किंवा खाली. दोन्ही जोडून हे लांबलचक नाम तयार झालं. फ्रेंचांची ‘फनेत्र’ आणि जर्मनांची ‘फेन्स्टर’ या त्याच फेनेस्त्राच्या लेकी. इंग्रजांनी मात्र खिडकीसाठी ‘विंडो’ हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून घेतला. त्यांच्या बोलीत तो ‘विंदाउगा’ होता, म्हणजे वाऱ्याचा डोळा. संस्कृतातून आपल्याकडे आलेल्या ‘गवाक्षा’तही डोळाच आहे, बैलाचा, आणि ‘वातायना’त वारा आहे. हजारो कोसांवरच्या माणसांना भिंतीतल्या भोकाकडे पाहून डोळा आणि वारा हेच सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बहुतेक शब्द कुणी, कुठे आणि कधी घडवले ते सांगता येत नाही. ते वापरता वापरता भाषेत मुरतात आणि मग त्यांचा जन्मदाखला शोधायला कोशकारांना जुन्या कागदांत बसावं लागतं. डीफेनेस्ट्रेशन हा त्याला अपवाद आहे. तो एका दिवसाला, एका शहराला, एवढंच काय, एका खोलीला बांधलेला आहे. दिवस २३ मे १६१८, बुधवार. शहर प्राग. खोली प्रागच्या किल्ल्यावरच्या जुन्या राजवाड्यातली सरकारी कचेरी.

त्या काळी बोहेमियावर, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागावर, हाब्सबुर्ग घराण्याचं राज्य होतं. राजघराणं कॅथलिक आणि प्रजेतले बहुसंख्य लोक निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांचे. सम्राट दुसरा रुडॉल्फ घरच्या भाऊबंदकीने अडचणीत आला, तेव्हा १६०९ साली त्याने या प्रजेला एक सनद लिहून दिली. प्रत्येकाने आपापल्या पंथाप्रमाणे उपासना करावी, आणि राजाच्या खासगी जमिनींवरही प्रोटेस्टंटांनी चर्च बांधायला हरकत नाही, असं तिच्यात होतं. पुढचं भांडण या जमिनींवरूनच पेटलं. मठांच्या आणि बिशपांच्या ताब्यातल्या जमिनी राजाच्या म्हणायच्या की नाही? प्रोटेस्टंट म्हणाले, राजाच्याच. कॅथलिक म्हणाले, मुळीच नाही. ब्रोउमोव गावात मठाधिपतीच्या जमिनीवर उभं राहिलेलं चर्च बंद करण्यात आलं. ह्रोब गावातलं, आर्चबिशपच्या जमिनीवरचं चर्च तर पाडूनच टाकलं. त्यात १६१७ साली हाब्सबुर्ग घराण्यातल्या फर्डिनांडला बोहेमियाचा भावी राजा म्हणून मान्यता मिळाली. स्टिरियातल्या आपल्या मुलखातून त्याने प्रोटेस्टंटांना हुसकून लावलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रोटेस्टंट सरदारांनी सभा बोलावली. व्हिएन्नाहून सम्राट माथियासचं धमकीचं पत्र आलं : सभा बेकायदा आहे, पुन्हा भरवाल तर याद राखा. ते पत्र सम्राटाने लिहिलेलं नसून प्रागमध्ये त्याच्या नावाने कारभार पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी तयार करून पाठवलं असावं, असा सरदारांचा संशय होता. २३ मेच्या सकाळी त्यांच्यातल्या काउंट थुर्नच्या पुढाकाराने सगळे मिळून किल्ल्यावर गेले. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण होता.

कचेरीची खोली लहान आणि आलेली माणसं पुष्कळ, त्यातली बरीच हत्यारबंद. समोर चार कारभारी. त्यांना एकच प्रश्न विचारला गेला : ते पत्र तुम्ही लिहिलंत का? कारभाऱ्यांनी गैरहजर सहकाऱ्यांशी बोलायला मुदत मागितली. ती मिळाली नाही. चौघांपैकी दोघांना मवाळ म्हणून दाराबाहेर नेण्यात आलं. मागे राहिले विलेम स्लावाता आणि यारोस्लाव मार्टिनिट्स. १६०९ च्या सनदेला या दोघांनी तेव्हापासून विरोध केला होता, आणि तो राग नऊ वर्षं साठत आला होता. दोघांना धर्माचे आणि देशाचे शत्रू ठरवलं गेलं. खोलीतच खटला, खोलीतच निकाल, आणि शिक्षा द्यायला खिडकी तयार. मार्टिनिट्सने पापनिवेदनासाठी धर्मगुरू मागितला. कुणी ऐकलं नाही. अंगावरच्या झग्यासकट त्याला बाहेर लोटलं. मग स्लावाता. त्याने चौकटीला हात घट्ट रोवले. तेव्हा एकाने खंजिराच्या मुठीने त्याच्या बोटांवर घाव घातले आणि पकड सुटली. शेवटी कचेरीतला चिटणीस फिलिप फाब्रित्सियुस यालाही त्यांच्यापाठोपाठ टाकलं. भांडणाशी त्याचा संबंध हुकूम लिहून घेण्यापुरताच होता.

खिडकीपासून खाली खंदकापर्यंत अंतर सुमारे २० मीटर, म्हणजे आजच्या इमारतीचे सहा मजले. आणि तिघेही वाचले.

स्लावाताचं डोकं फुटलं होतं. मार्टिनिट्स धडपडत त्याच्यापाशी पोचला. वरून पिस्तुलांचे बार होत असताना नोकरांनी दोघांना शेजारच्या लोबकोवित्स घराण्याच्या वाड्यात नेलं. तिथल्या मालकीणबाई पोलिक्सेना यांनी त्यांना आसरा दिला आणि मागावर आलेल्यांना दारातून परत पाठवलं. त्या दिवसाच्या हकिकतीत मनात भरतं ते या बाईंचं धैर्य. बाहेर सबंध शहर उलटलेलं आणि घरात जखमी पाहुणे, तरी त्या दारातून हलल्या नाहीत. मार्टिनिट्स वेष पालटून बव्हेरियात निसटला. फाब्रित्सियुसने थेट व्हिएन्ना गाठून सम्राटाला बातमी दिली. पुढे त्याला सरदारकी मिळाली तेव्हा आडनाव मिळालं ‘फॉन होहेनफाल’, म्हणजे उंचावरून पडलेले.

तिघे वाचले कसे, यावरून लगेच दोन पक्ष पडले. कॅथलिकांनी सांगितलं की मेरीमातेने आपला पदर पसरून त्यांना अलगद झेललं. तशी चित्रंही काढली गेली. प्रोटेस्टंट बाजूने पुढे सांगण्यात आलं की खंदकात उकिरडा होता, शेणाच्या ढिगात पडले म्हणून वाचले. ही दुसरी गोष्ट आजही पुस्तकांतून आणि गाइडांच्या तोंडून ऐकू येते. पण त्या वेळच्या हकिकतींत शेणाचा ढीग नाही. तो नंतर आला. किल्ल्याची भिंत खाली उतरती होती, खिडकी अरुंद असल्याने माणसं जोराने भिरकावली न जाता घसरत गेली असावीत, आणि त्या काळचे जाड, घोळदार झगे अंगावर होते. मला हे साधं स्पष्टीकरणच पटतं. मेरीमातेचा पदर आणि शेण या दोन्ही गोष्टी प्रचारासाठी रचलेल्या आहेत. एकीत पडणाऱ्याला संत करायचं होतं, दुसरीत त्याची फजिती करायची होती.

उंचावरून लोटून देण्याची शिक्षा काही प्रागची मक्तेदारी नव्हे. १५६२ साली आग्र्याच्या किल्ल्यात अकबराने आपला दूधभाऊ आदम खान याला गच्चीवरून खाली फेकायला लावलं, आणि तो जिवंत आहे असं कळल्यावर पुन्हा वर आणून पुन्हा फेकायला लावलं. अकबरनाम्याच्या लंडनमधल्या सचित्र प्रतीत हा प्रसंग रंगवलेला आहे. आपल्या मुलखात तर यासाठी स्वतःचा खणखणीत शब्द आहे : कडेलोट. रायगडावर टकमक टोकाशी उभं राहिलं की तो शब्द शिकवावा लागत नाही. आज आपण पदावरून घसरलेल्या माणसाचा ‘कडेलोट झाला’ म्हणतो. इंग्रजी वृत्तपत्रंही पक्षाने दूर सारलेल्या पुढाऱ्याचं ‘डीफेनेस्ट्रेशन’ झालं असं छापतात. दोन्ही भाषांनी आपापल्या शिक्षेला राजकारणात तशीच जागा दिली.

प्रागमध्ये मात्र हे पुन्हा पुन्हा घडलं. खिडकीचा पहिला प्रसंग दोनशे वर्षं आधीचा, ३० जुलै १४१९ चा. धर्मसुधारक यान हुस याला १४१५ मध्ये जिवंत जाळल्यानंतर त्याचे अनुयायी खवळलेले होते. यान झेलिव्स्की या धर्मोपदेशकाच्या मागे निघालेली मिरवणूक नव्या नगराच्या टाउन हॉलवर चालून गेली आणि तिथल्या नगरसेवकांना खिडक्यांतून खाली फेकण्यात आलं. खाली भाले रोखलेले होते. त्या वेळी कुणी वाचलं नाही. अगदी अलीकडचा प्रसंग १० मार्च १९४८ चा. कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि परराष्ट्रमंत्री यान मासारिक चेर्निन राजवाड्याच्या आवारात, आपल्या न्हाणीघराच्या खिडकीखाली मृत सापडले. सरकारने आत्महत्या म्हटलं. राजवट गेल्यानंतर झालेल्या पोलीस तपासाने खून म्हटलं. त्यानंतर पुन्हा उघडलेली चौकशी २०२१ मध्ये कोणत्याही निष्कर्षाविना बंद झाली.

आता १६१८ नंतर काय झालं ते सांगायला हवं, कारण या शब्दामुळे नेमकं तेच झाकलं जातं.

बोहेमियाच्या सरदारांनी फर्डिनांडला पदच्युत केलं आणि १६१९ मध्ये पॅलाटिनेटचा तरुण प्रोटेस्टंट संस्थानिक फ्रेडरिक याला गादीवर बसवलं. त्याचं राज्य एक हिवाळा टिकलं. ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागच्या वेशीवर, बीला होरा म्हणजे पांढरी टेकडी म्हणतात तिथे, साधारण दोनेक तासांत लढाईचा निकाल लागला. फ्रेडरिक पळाला. २१ जून १६२१ च्या पहाटे पाचला तोफेचा बार झाला आणि जुन्या नगराच्या चौकात सत्तावीस जणांच्या देहदंडाला सुरुवात झाली. तीन सरदार, सात उमराव, सतरा नागरिक. यान मिद्लार्झ या जल्लादाने सकाळभरात चार तलवारी वापरल्या. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर टांगली गेली आणि तिथे दहा वर्षं राहिली. १६२७ च्या नव्या कायद्याने बोहेमियात कॅथलिक पंथ तेवढाच वैध राहिला. ज्यांना पंथ बदलायचा नव्हता त्यांनी देश सोडला. आधुनिक शिक्षणशास्त्राचा पाया घालणारा यान आमोस कोमेन्स्की हा त्यांच्यापैकीच. मुलांसाठी पहिलं नावाजलेलं सचित्र पाठ्यपुस्तक त्याने परदेशात लिहिलं आणि तो परदेशातच वारला.

युद्ध बोहेमियात थांबलं नाही. डेन्मार्क उतरला, स्वीडन उतरला, फ्रान्स उतरला. धर्माचं भांडण राजांच्या हिशेबात विरघळून गेलं आणि रणांगण बनला तो जर्मन मुलूख. पगार न मिळालेली सैन्यं गावं ओरबाडत फिरत, मागोमाग दुष्काळ येई आणि दुष्काळामागोमाग साथी. २० मे १६३१ ला माग्डेबुर्ग शहर पडलं तेव्हा पंचवीसेक हजार वस्तीतली वीस हजार माणसं मारली गेली किंवा आगीत जळाली. सबंध युद्धातल्या मृत्यूंचे इतिहासकारांचे अंदाज ४५ लाखांपासून ८० लाखांपर्यंत जातात. त्यात लढाईत पडलेले थोडे, उपासमारीने आणि रोगाने गेलेले फार. १६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा हे युद्ध बारा वर्षांचं झालं होतं. पुरंदरच्या परिसरात फत्तेखानाशी लढाई झाली त्या १६४८ साली ते संपलं. शेवटची झुंज पुन्हा प्रागमध्येच झाली. स्वीडिश फौजांनी किल्ला आणि नदीअलीकडचं शहर लुटलं, आणि चार्ल्स पुलावर त्यांना अडवणाऱ्यांत विद्यापीठाचे विद्यार्थीही होते.

काउंट थुर्न १६४० मध्ये परमुलखात वारला. खिडकीतून फेकलेला मार्टिनिट्स १६४९ पर्यंत जगला आणि स्लावाता १६५२ पर्यंत. ज्यांना मारायचं होतं ते दोघे युद्धाचा शेवट पाहून गेले, आणि त्या सकाळी जन्मलेसुद्धा नव्हते असे लाखो लोक त्याआधी मातीत गेले. ‘डीफेनेस्ट्रेशन’ हा शब्द शाळकरी मुलांना सांगितला की ती हसतात. तीन माणसं, एक खिडकी, शेणाचा ढीग. त्या हसण्यात मुलांचा दोष नाही. शब्दाने गोष्टीचं पहिलं मिनिट जपलं आणि पुढची तीस वर्षं गाळून टाकली. शब्दकोशात या शब्दासमोर प्रागबरोबर माग्डेबुर्गचंही नाव छापलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

तारखेची गोष्टही सरळ नाही. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये जुन्या पंचांगातले दहा दिवस वगळून नवं पंचांग सुरू केलं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. बोहेमियाने ते १५८४ मध्ये स्वीकारलं. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी मात्र पोपचं पंचांग नको म्हणून १७०० पर्यंत नाकारलं. म्हणजे प्रागमध्ये २३ मे होता त्या दिवशी शेजारच्या सॅक्सनीत १३ मे चालू होता. एकाच सूर्याखाली, एकाच दिवशी, शेजारी राहणारी माणसं पंथाप्रमाणे वेगळी तारीख लिहीत होती. इंग्लंडने तर १७५२ पर्यंत जुनं पंचांग धरून ठेवलं. दिनविशेषाच्या यादीत अमुक तारखेला हे झालं आणि ते झालं असं एका ओळीत वाचताना हे ध्यानात ठेवावं. त्यातल्या काही तारखा आकाशाच्या हिशेबाने एकमेकींच्या दहा-अकरा दिवस पुढेमागे असतात.

एवढं सांगून २३ मेच्या इतर पानांकडे वळतो.

१४३० साली याच तारखेला, जुन्या पंचांगाप्रमाणे, कोंपियेन्य या फ्रेंच शहराच्या वेशीबाहेर जोन ऑफ आर्क पकडली गेली. बर्गंडीच्या फौजेवर छापा घालून तिची तुकडी मागे फिरत होती. ती स्वतः पिछाडी सांभाळत होती. शत्रू आत घुसेल या भीतीने शहराचा पूल वर ओढला गेला आणि ती बाहेर राहिली. एका तिरंदाजाने तिच्या झग्याला धरून तिला घोड्यावरून खाली खेचलं. पुढे बोरव्वारच्या किल्ल्यात तिला कोंडलं असताना तिने बुरुजावरून खाली उडी टाकली. उंची साठ-सत्तर फूट, म्हणजे प्रागच्या त्या खिडकीएवढीच. तीही वाचली. रुआँच्या खटल्यात न्यायाधीशांनी याच उडीचा आधार घेऊन आत्महत्येच्या पापाचा आरोप तिच्यावर ठेवला. तिचं म्हणणं होतं की मला मरायचं नव्हतं. इंग्रजांच्या हाती पडायचं नव्हतं आणि कोंपियेन्यच्या लोकांच्या मदतीला जायचं होतं. ३० मे १४३१ ला तिला जाळलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. प्रागच्या तीन पुरुषांना मेरीमातेने झेललं असं पुढे म्हणणारं जग या मुलीच्या वाचण्यात गुन्हा शोधत होतं, हे वाचून आजही चीड येते.

१७०१ चा २३ मे इंग्लंडचा, जुन्या पंचांगाचाच. लंडनला थेम्सच्या काठी वॉपिंग इथे कॅप्टन विल्यम किड याला फाशी दिलं. दोर तुटून तो जमिनीवर पडला. त्याला पुन्हा वर चढवलं आणि दुसऱ्यांदा फास घातला. त्याचं प्रेत डांबर फासून टिलबरीजवळ नदीकाठी टांगून ठेवलं गेलं. या माणसाचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. इंग्लंडच्या राजाचा परवाना घेऊन तो चाच्यांना आणि फ्रेंचांना पकडायला निघाला होता. १६९७ च्या पावसाळ्यानंतर त्याचं जहाज कारवारला आलं, आणि गोव्याहून सुटलेल्या दोन पोर्तुगीज जहाजांशी त्याची चकमक झाली. जानेवारी १६९८ मध्ये मलबारच्या दर्यात त्याने ‘केदा मर्चंट’ नावाचं श्रीमंत व्यापारी जहाज धरलं. माल मुख्यतः आर्मेनियन सावकारांचा होता, पण त्यात औरंगजेबाच्या दरबारातल्या एका उमरावाचाही वाटा होता. औरंगजेब तेव्हा दिल्लीत नव्हता. मराठ्यांशी लढता लढता त्याने भीमाकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माचणूरजवळ, तळ दिला होता. बादशाही कोप झाला तो सुरतेच्या इंग्रज वखारीवर. ईस्ट इंडिया कंपनीला किड नकोसा झाला आणि लंडनमध्ये ज्यांनी त्याला पाठवलं होतं त्यांनी हात झटकले. केदा मर्चंटकडे फ्रेंच परवाना होता, म्हणून ते पकडणं कायदेशीर होतं, असं किड शेवटपर्यंत सांगत राहिला. तो परवाना खटल्याच्या वेळी ‘सापडला नाही’. विसाव्या शतकात तो लंडनच्या सरकारी दफ्तरात मिळाला. किड साधुपुरुष नव्हता. आपल्याच जहाजावरच्या तोफखान्याच्या माणसाला त्याने लोखंडी कड्यांच्या बादलीने मारलं होतं, आणि त्या खुनासाठीही त्याला शिक्षा झाली. पण बचावाचा कागद दडवून दिलेली फाशी ही न्यायाची फाशी नव्हे.

१४९८ च्या २३ मेला फ्लॉरेन्सच्या चौकात साव्होनारोला या साधूला फासावर चढवून जाळलं. १७०७ मध्ये, नव्या पंचांगाने, वनस्पतींना आणि प्राण्यांना दुहेरी लॅटिन नावं देण्याची पद्धत रुजवणारा कार्ल लिनियस स्वीडनमध्ये जन्मला. १९३४ मध्ये अमेरिकेत बॉनी आणि क्लाइड ही दरोडेखोरांची जोडी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. त्यांच्यावर सिनेमे पुष्कळ झाले आहेत, इथे जास्त लिहायची गरज नाही.

१९८४ च्या २३ मेवर मात्र थांबायलाच हवं. दुपारी १ वाजून ७ मिनिटांनी बचेंद्री पाल एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. उत्तरकाशीजवळच्या नाकुरी गावची ही मुलगी दुसऱ्या दिवशी तीस वर्षांची होणार होती. त्याआधी आठवडाभर, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, ल्होत्सेच्या उतारावरच्या तिसऱ्या तळावर त्या तंबूत झोपल्या असताना डोक्याच्या मागच्या बाजूला काहीतरी जोरात आदळलं. वरच्या हिमनदीचा एक प्रचंड तुकडा सुटून तळावर आला होता. तंबू गाडला गेला. सोबतच्या लोपसांगने चाकूने तंबूचं कापड फाडलं, त्यांच्या भोवतीचा कडक बर्फ खणून काढला आणि त्यांना ओढून बाहेर घेतलं. तळावरचे बहुतेक सगळे जखमी झाले आणि बरेच जण मोहिमेतून माघारी गेले. बचेंद्रींना मोहिमेचे प्रमुख कर्नल खुल्लर यांनी विचारलं, तेव्हा त्या थांबायला तयार झाल्या नाहीत. २३ तारखेला सकाळी अंग दोरजी यांच्याबरोबर त्या साउथ कोलहून निघाल्या. माथ्यावर दोघांनी शेजारी उभं राहायलाही पुरेशी जागा नव्हती. कुऱ्हाडीने बर्फ खणून आधी पाय टेकण्यापुरती जागा करावी लागली. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी दुर्गेची तसबीर आणि हनुमान चालिसा लाल कापडात गुंडाळून बर्फात ठेवली. या तारखेला उंचावरून पडलेल्यांची, फेकलेल्यांची, टांगलेल्यांची एवढी गर्दी आहे, की पायांनी वर चढत गेलेल्या या बाईंचं नाव त्यात मला फार मोलाचं वाटतं.

आणि शेवटी पुन्हा मध्य युरोप. २३ मे १९४५ ला फ्लेन्सबुर्ग इथे नाझी जर्मनीच्या उरल्यासुरल्या सरकारला अटक झाली, आणि त्याच दिवशी हाइनरिश हिमलरने ब्रिटिशांच्या कैदेत विष चावलं. चार वर्षांनी, २३ मे १९४९ ला, बॉनमध्ये पश्चिम जर्मनीची राज्यघटना जाहीर झाली. ती त्या मध्यरात्रीनंतर लागू झाली, आणि आजच्या एकसंध जर्मनीचीही तीच घटना आहे. तिच्या पहिल्याच कलमात माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे असं म्हटलं आहे. चौथं कलम श्रद्धेचं, सदसद्विवेकाचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य देतं. ही तारीख १६१८ ची आठवण म्हणून निवडलेली नव्हती. तो निव्वळ योगायोग. पण ब्रोउमोव आणि ह्रोबच्या लोकांनी मागितलं होतं ते याहून वेगळं नव्हतं.

आता पुण्या-मुंबईच्या प्रवासी कंपन्या मध्य युरोपच्या सहलींत प्राग हमखास ठेवतात. किल्ल्यावरची ती खिडकी दाखवतातच, आणि खालच्या बागेत ते कारभारी पडले त्या जागांवर उभारलेले दगडी स्तंभही आहेत. ते जरूर पाहावं. पण त्यानंतर तुम्हाला जुन्या नगराच्या चौकात नेतील. दर तासाला हलणाऱ्या बाहुल्या पाहायला तिथल्या खगोलीय घड्याळासमोर माना वर करून गर्दी उभी असते. त्या टाउन हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीपाशी जा आणि पायाखाली पाहा. फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे सत्तावीस क्रूस बसवले आहेत, आणि भिंतीवर सत्तावीस जणांची नावं कोरलेली आहेत. घड्याळाकडे जाणारी माणसं त्या क्रुसांवरून चालत जातात. तुम्ही थांबून नावं वाचा. त्यात डॉक्टर यान येसेनियुस हे नाव आहे. त्यांनी १६०० साली प्रागमध्ये पहिलं जाहीर शवविच्छेदन केलं, त्याच चौकातल्या ‘टीन’ नावाच्या चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहे याच्या अंत्यविधीचं भाषण केलं, आणि पुढे ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १६२१ च्या त्या सकाळी शिरच्छेदाआधी त्यांची जीभ कापण्यात आली.